अठरावर आण

२ फेब्रुवारी

आज सकाळी गॅरेजच्या शटरला चावी लावली आणि ती फिरली नाही. आधी वाटलं, कुलूप गंजलं. तेल सोडलं, फुंकर मारली, दोन शिव्या हासडल्या. मग लक्षात आलं की कुलूपच नवीन आहे. बाजूला एका पोत्यात माझी हत्यारं होती. एकेक पाना पुसून, वेगवेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकायच्या आधी घड्या घालतात ना, तसा.

माझा धाकटा भाऊ आतच होता. शटर अर्धं वर करून, खाली वाकून बोलला, "तायडे, तुझं इथलं काम झालं. बाबांनी गॅरेज मला दिलंय."

"आणि हे हात कुणाला दिले?"

"ते तुलाच दिले," तो म्हणाला आणि शटर खाली ओढलं.

बाबा जाऊन जेमतेम दोन महिने झालेत. अंथरुणावर असताना ते मला म्हणाले होते, "तुला हात दिलेत. त्याला निदान भिंती तरी देऊन जातो." आजारी माणसाशी काय वाद घालायचा, म्हणून मी मान डोलावली. भिंती त्याच्या झाल्या तरी आत काम मीच करणार, असं धरून चालले होते. लहानपणापासून बाबांच्या हाताखाली मी. डोंगरात चढणाऱ्या गाड्या बाबांनी बांधल्या आणि मी चालवून बघितल्या. हा कायम दिवा धरून उभा. त्याच्या हातात पाना द्यायची बाबांची कधी छाती झाली नाही.

आजपासून या वहीत त्याचं नाव येणार नाही. पाटीवर ठळक अक्षरांत 'मालक' रंगवून घेतलंय ना त्याने? मग मालकच म्हणेन.

५ फेब्रुवारी

नवरा शिंपी आहे, त्यामुळे त्याला जगातलं सगळं कापडासारखं दिसतं. म्हणाला, "शिवण उसवते ती एका दिवसात उसवत नाही. आदल्या दिवशी काय झालं होतं?"

काही नाही झालं. मालकाने एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या पुढच्या अॅक्सलचं सील बदललं होतं. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं, तेव्हा मी ते एकदा उघडून बघितलं आणि परत बसवलं. एवढंच. गळत नव्हतं. पण बघितलेलं बरं. बाबा असते तर त्यांनीही उघडलं असतं.

"गिऱ्हाइकासमोर?" नवऱ्याने विचारलं.

"मग काय गिऱ्हाईक गेल्यावर?"

तो "हं" म्हणाला आणि दातांत सुई धरून काजं करत बसला. त्याचं हे "हं" मला मुळीच आवडत नाही.

१४ फेब्रुवारी

आता मजा आहे. डोंगरात बचावाला जाणाऱ्या पथकाने त्यांच्या सगळ्या गाड्या एकाच गॅरेजकडे सांभाळायला द्यायचं ठरवलंय, आणि गॅरेज निवडायची रीतही झकास काढलीय. मार्च संपताना गावाबाहेरच्या बंद खाणीत चाचणी. ज्याने बांधलेली गाडी आधी दगडांच्या पायऱ्या, मग चर आणि शेवटी चुऱ्याचा चढ पार करेल, त्याच्याकडे काम. चुऱ्याचा चढ म्हणजे खडी फोडून उरलेल्या दगडी भुकट्याचा ढीग. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो.

पथकाच्या प्रमुखबाई नियम सांगायला स्वतः आल्या होत्या. एक, दोर लावून ओढावी लागली की गाडी बाद. दोन, गाडीपुढे चालत वाट दाखवायला एक माणूस ठेवायचा, आणि तो मध्येच बदलला तरी चालेल. "डोंगरात कुणाचा माणूस कुणाच्या कामी येईल ते सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

मालक 'म्हातारी' आणणार आहे. म्हणजे बाबांची गाडी. त्यांनी तीन मेलेल्या गाड्यांमधून एक जिवंत केली, ती. मी काल समोरच्या फुटपाथवरून बघून आले. म्हातारीला त्याने लाल रंग दिलाय. टपावर सहा दिवे. नाकावर रणगाड्याला शोभेल असा लोखंडी बंपर. आणि खालच्या सांगाड्यावर ठोकळे घालून नुसतं वरचं अंग उचललंय. बघणाऱ्याला वाटतं, काय उंच गाडी! अरे, पँट वर दुमडली म्हणून पाय लांब होतात का? गाडीचं पोट म्हणजे अॅक्सलच्या मधला तो गोळा. तो जमिनीपासून होता तिथेच आहे. दगडाला लागायचं ते तिथेच लागणार. उथळ पाण्याला खळखळाट फार.

मला काय हवंय ते इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे ढिली पडले तर वाचता येईल. ती म्हातारी भर खाणीत, सगळ्यांसमोर अडकली पाहिजे, आणि मालकाने माझ्याकडे दोर मागितला पाहिजे. स्वतःच्या तोंडाने. पथकाचं काम त्याच्या मागोमाग आपोआप येईल.

२१ फेब्रुवारी

गाडी मिळाली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीने निकालात काढलेली, आखूड, चौकोनी, एका डोळ्याने आंधळी. कोंबड्या बसत होत्या आत. नवऱ्याने तिला चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "ठिगळ लावायला मूळ कापड तरी पाहिजे ना गं."

मी तिचं नाव 'गोचीड' ठेवलंय. बघायला काही नाही, पण चिकटली की सोडत नाही. नाव ऐकून नवरा म्हणाला, "गाडीचं ठेवलंस की स्वतःचं?"

त्याच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केलीय. काम करायला जागा कमी, पण राग मावतोय.

६ मार्च

गोचिडीच्या पाट्यांतून, म्हणजे चाकांवर वजन तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांतून, आज दोन-दोन पट्ट्या काढून टाकल्या. लोकांना कडक गाडी म्हणजे मजबूत गाडी वाटते. कडक गाडी खडकावर एक पाय वर करून उभी राहते, कुत्रा खांबाशी उभा राहतो तशी. पट्ट्या सैल हव्यात, म्हणजे एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं खड्ड्यात खाली उतरतं आणि चारही जमिनीला धरून राहतात. हवेतलं चाक काय कामाचं?

त्याहून वाईट म्हणजे ते हवेतलं चाकच सगळी ताकद खातं. मधल्या गोळ्यातल्या डिफची, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या दातेरी चक्रांची, रचनाच तशी असते. ज्या चाकाला कष्ट नाहीत, जे नुसतं गरगर फिरतंय, त्याच्याकडे इंजिनचा जोर जातो. आणि जे चाक बिचारं दगडाला भिडून उभं आहे, त्याच्या वाट्याला काही नाही. डिफ उघडून हातात घेतला तेव्हा मला हसूच आलं. बाबांनी घरात दुसरं काय केलं? रिकाम्या चाकाला गॅरेज!

गाडीत यावर उपाय आहे. दोन्ही चाकं एकत्र जखडणारं लॉक बसवायचं. बसवलं. घरात बसवता येत नाही.

पुढचं नाक कापून आखूड केलं, मागचं शेपूट कापलं. आता समोर भिंत आली तरी आधी चाक टेकेल, बंपर नाही. ओढायचे हूक मात्र दोन्हीकडे जाडजूड लावलेत. नवा दोरही आणला, मनगटाएवढा. मालकासाठी आणलाय तो. छान दिसतो हुकाला अडकवलेला.

१५ मार्च

आज पहिल्यांदा गोचीड नदीकाठच्या वाळूत घातली. नवरा पुढे चालून वाट दाखवत होता. डावा हात वर केला की डावीकडे, असं ठरलं होतं. तो माझ्याकडे तोंड करून उलटा चालतो, त्यामुळे त्याचं डावं ते माझं उजवं. एका झुडपात घुसल्यावर हे दोघांच्या लक्षात आलं. मग त्याने एका हाताला लाल चिंधी बांधली, दुसऱ्याला निळी.

वाळूत शिरायच्या आधी बाबांचा मंत्र: अठरावर आण. चाकांतली हवा. रस्त्यावर तिशीच्या पुढे असते. फुगलेलं चाक जमिनीला बोट लावतं, सैल चाक तळहात टेकतं. लोक दिवे, बंपर, फावडी विकत घेतात, आणि फुकटात सुटणारी हवा सोडत नाहीत, कारण घट्ट फुगलेल्या चाकाचा रुबाब वेगळा. बाबा म्हणायचे, "चढायच्या आधी हवा काढावी, गाडीची आणि स्वतःची." ही म्हण मी पथकासमोर मालकाला ऐकवणार आहे. डोक्यात हवा गेलेल्या माणसाला कुणीतरी ऐकवलीच पाहिजे.

हवा मोजायचा नवीन गेज घेतलाय. चकचकीत काच, एक आकडा इकडचा तिकडे होत नाही. बरोब्बर अठरा. ओली वाळू गोचिडीने सहज पार केली.

बाबांचा गेज पितळी होता. त्यांच्या चष्म्याला कायम ग्रीस, म्हणून आकडा वाचायचं काम दिवा धरणाऱ्याचं. मी स्टिअरिंगवर, बाबा चाकाशी उकिडवे, आणि हा टिल्ल्या घसा फोडून ओरडायचा, "अठरा! बाबा, अठरा!" जसं काही अठरा त्यानेच शोधून काढले. त्या गेजची वाटही त्यानेच लावली होती. लहान असताना दगडावर पाडला आणि मग दोन दिवस माळ्यावर लपून बसला, जेवायला येईना. बाबा रागावलेही नाहीत. मी पाडला असता तर?

वर टिल्ल्या लिहिलं गेलं. मालक.

२२ मार्च

वहिनी आली होती. मालकाची बायको. माझं तिच्याशी वाकडं नाही, पण ती त्या घरातून आली म्हणजे काहीतरी घेऊन आली असणार. घेऊन आली होतीच. रुमालात बांधलेला बाबांचा पितळी गेज.

"त्यांनी दिलाय," ती म्हणाली. "म्हणाले, ताईला सांग, हवा यानेच बघ. नव्याने नको."

मी तिच्यासमोरच रुमाल सोडला. सुई शून्यावरसुद्धा येत नाही. कशाला न लावता, नुसता हातात धरला तरी सहावर लटकलेली. मोडका गेज पाठवलाय! म्हणजे मी चुकीची हवा ठेवावी आणि चुऱ्यात रुतून बसावं. एवढी मी दुधखुळी वाटले का त्याला? मी वहिनीला म्हटलं, "त्याला सांग, बाबांची वस्तू मिळाली, उपकार झाले. आणि आमच्याकडे सुई शून्यावर येते."

तिने रुमालाची घडी घालून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाली, "ताई, आणखी एक विचारू? त्यांनी नाही सांगितलं विचारायला, मीच विचारतेय. म्हातारीचा तो छोटा दांडा आहे ना, हळू चालवायचा, तो बसत नाही नीट. चढावर मध्येच निसटतो. तुम्ही काय करायचात?"

दांडा माझ्या हाताचं ऐकतो, दुसऱ्या कुणाचं नाही. म्हातारीला चढावर मुंगीच्या चालीने न्यायचं तर तो छोटा दांडा आत बसलाच पाहिजे. आणि तो बसवायची एक खुबी आहे. आधी वर उचलायचा, मग डावीकडे, मग मागे. बाबांनंतर ती खुबी फक्त मला ठाऊक आहे. मी वहिनीकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता.

"तेल घाला म्हणावं," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी गेज खिळ्यांच्या डब्यात टाकला. नवऱ्याने सगळं ऐकलं होतं, तो मशीनवरच होता. तो "हं"सुद्धा म्हणाला नाही.

२८ मार्च

उद्या. सगळं तयार आहे. नट आवळून झाले, दोर हुकाला आहे, चाकं अठरावर.

नवऱ्याने विचारलं, "दांडा निसटून गाडी मागे आली तर?" मी म्हटलं, ब्रेक कशाला असतात. म्हणाला, "बरं." मग मशीनवर कापड झाकताना म्हणाला, "ब्रेक कुणी बघितलेत म्हातारीचे?" मीच बघितलेत, डिसेंबरात. चांगले आहेत. चांगले आहेत म्हणूनच मी गप्प आहे, नाहीतर मी काय राक्षसीण आहे का? हे मी त्याला सांगितलं. वहीतही सांगून ठेवते.

त्याने शटर खाली ओढलं तेव्हाचा आवाज अजून कानात आहे. तो आठवला की सगळं सोपं होतं.

२९ मार्च

सविस्तर लिहायला पाहिजे. 

म्हातारीचा नंबर माझ्या आधी होता. लोक लाल रंग बघूनच टाळ्या वाजवत होते. मालक पायऱ्यांशी आला, दांडा ओढला, आणि मला लांबूनच कळलं की तो नीट बसलेला नाही. बसला की म्हातारी एक विशिष्ट हुंकार देते. तो आलाच नाही. पहिली पायरी चढली, दुसरी चढली. तिसरीवर पुढची चाकं गेली, आणि आतून 'टक' असा आवाज आला. दांडा निसटला. म्हातारी मोठ्या गिअरवर आली, इंजिन घुसमटून बंद पडलं आणि ती मागे घसरायला लागली.

मी ब्रेकचं जे लिहिलं ते खरं ठरलं, ब्रेक लागले. पण तोपर्यंत मागचं चाक दुसऱ्या पायरीवरून घसरून दोन खडकांच्या फटीत बसलं, पोट दगडावर टेकलं आणि तो उंच बंपर आभाळाकडे बघायला लागला. मला मोठ्याने हसू आलं. माझ्याशिवाय कुणी हसलं नाही. पलीकडे वहिनी तोंडावर हात धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला. मग उतरला. सगळ्यात जवळ गोचीड उभी होती आणि तिच्या हुकाला नवा दोर. तो चालत माझ्या खिडकीशी आला. घामाने निथळत होता. आजूबाजूला सगळी खाण गोळा झालेली.

"तायडे, दोर दे," तो म्हणाला.

वर लिहिलं होतं तसंच. त्याच्या तोंडाने, सगळ्यांसमोर. आता थांबायला हवं होतं की नव्हतं, ते मला माहीत नाही. पण माझ्या तोंडून गेलं, "घ्या की मालक. दांडा तेल मागत होता वाटतं?"

चार लोक हसले. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे तुला माहीत होतं." प्रश्न नव्हता तो. दोर खांद्यावर टाकून निघून गेला. पथकाच्या ट्रकने म्हातारीला ओढून बाजूला केलं. बाद.

मग मी. गोचिडीने पायऱ्या अशा काढल्या की प्रमुखबाईंनी मान डोलावलेली मी पाहिली. चारही चाकं दगडाला धरून, एकही हवेत नाही. चरात लॉक टाकलं आणि तिरकी उतरून तिरकी वर आले. नवरा लाल-निळे हात हलवत पुढे. राहिला चुऱ्याचा चढ. मला तेव्हाच विजयाच्या गुदगुल्या होत होत्या.

अर्ध्यावर गोचीड थांबली. चाकं फिरत होती, गाडी नाही. मी जरा जोर दिला, ती जरा खाली बसली. आणखी जोर दिला, आणखी बसली. भुकटा मागे कारंज्यासारखा उडत होता. खिडकीतून बघितलं तर चाकं अर्धी गाडलेली आणि पोट टेकलेलं. वाळू ओली होती, चुरा कोरडा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण अठरा होते ना! बाबांचे अठरा! नवऱ्याने दोन्ही हात एकदम वर केले. त्याचा अर्थ आमच्यात ठरलेला नव्हता.

खालून मालक वर येत होता. खांद्यावर माझाच दोर. मला वाटलं, हा आता तो दोर माझ्या हुकाला लावणार, सगळ्यांसमोर. मी असते तर तेच केलं असतं. मी काच वर केली.

त्याने काचेवर टिचकी मारली. "काच खाली कर."

"नको मला तुझा दोर."

"तुझाच आहे. आणि तो लावला तर बाद होशील, गप्प बस. हवा किती?"

"अठरा."

"कुठल्या गेजवर?"

 तो खाली बसला आणि पहिल्या चाकाच्या टोपणाला हात घातला. तसाच, वर न बघता म्हणाला, "बाबांचे अठरा म्हणजे बारा, तायडे. गेज मी पाडला होता ना? तेव्हापासून सुई सहावर. बाबांनी नवा आणलाच नाही. म्हणाले, तुझ्या हातून पडला ना, मग आपण आपला आकडाच बदलू. तू गाडी चालवायला लागायच्या आधी ते बारावर आण म्हणायचे. नंतर तू स्टिअरिंगवर असायचीस, तुला सुई कुठून दिसणार?"

 नवऱ्याने खिशात हात घातला आणि रुमालात बांधलेला पितळी गेज काढून त्याला दिला. खिळ्यांच्या डब्यातून कधी उचलला होता, देव जाणे.

एकेका चाकाची हवा सूं सूं करत निघत होती.  वाट दाखवणारा बदलला, असं कुणीतरी बाईंना विचारल्यासारखं म्हणालं, आणि बाई म्हणाल्या, "नियमात आहे." शेवटच्या चाकाशी तो उकिडवा बसला, गेज लावला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अठरा!" तोच आवाज. टाचा उंचावून ओरडायचा तो. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

मग त्याने पोटाखालचा चुरा हातांनी उपसला. "आधी स्वतःच्याच चाकोरीत मागे ये. मग चढ. पाय हलका ठेव, चाक फिरवायचं नाही, लोटायचं." आणि तो पुढे जाऊन उभा राहिला. माझ्याकडे पाठ करून, मान वळवून बघत. म्हणजे त्याचा डावा तो माझा डावा. हे नवऱ्याला आणि मला दोन आठवडे सुचलं नव्हतं.

गोचीड चढली. चुरा चाकांखाली दबला, जणू तो आधीपासून रस्ताच होता. वर पोचल्यावर टाळ्या वाजल्या. तो दोर माझ्या हुकाला परत अडकवून खाली निघून गेला. दांड्याबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

३० मार्च

जिंकले. माझ्या मनासारखं सगळं झालं, अगदी जसं लिहिलं होतं तसं, आणि आज सकाळपासून मला दात ओठ खायला कुणी उरलेलं नाही. मी त्याच्यापासून खुबी लपवली, आणि त्याने त्याच्याकडची खुबी आठवडाभर आधीच रुमालात बांधून पाठवली होती. मी तिला मोडका गेज म्हटलं. याला म्हणतात सूड. मी महिनाभर हत्यारं पाजळत बसले, आणि त्याने फक्त हवा काढली. ती चारच चाकांची काढली असती तर मी सोसलं असतं.

बाई आल्या होत्या. "गाड्या कुठे पाठवायच्या?" त्यांनी विचारलं. नवऱ्याच्या दुकानामागे पथकाची एक गाडीही मावणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

मी बाबांच्या गॅरेजचा पत्ता दिला. नवरा मशीन थांबवून बघायला लागला. त्याला वाटत असेल मी विरघळले. मुळीच नाही. सुंभ जळला तरी पीळ जातो का? गाड्यांचं काम मला मिळालंय, मी ते करणार. त्याच्या भिंतींत करणार. रोज सकाळी उठल्या उठल्या त्याला माझं तोंड बघायला लागेल. याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही.

२ एप्रिल

हत्यारांचं पोतं घेऊन गेले. शटर उघडंच होतं. तो म्हातारीच्या आत बसून दांड्याशी झुंजत होता. मला बघून बाजूच्या सीटवर सरकला. 

मी स्टिअरिंगवर बसले. "आधी वर उचल. मग डावीकडे. मग मागे." म्हातारीने हुंकार दिला. त्याने करून बघितलं, दुसऱ्यांदा जमलं. मला वाटलं, आता हरखून जाईल. तो दांडा हातात धरून विचार करत बसला, मग म्हणाला, "उचलावा का लागतो पण? खाली सांध्यातलं बुश झिजलं असणार."

"बाबांनी वीस वर्षं असाच चालवला."

"अठरासारखाच," तो म्हणाला आणि पाठीवर सरपटत गाडीखाली गेला. खालून हात बाहेर आला. हातात दिवा. "धर."

भर दुपारी बाहेर उन्हाने डोळे दिपत असले तरी गाडीखाली काळोख असतो. मी खाली बसले आणि दिवा आत धरला. "हलवू नकोस," तो आतून म्हणाला. अगदी बाबांच्या आवाजात. दिवा धरायला काय लागतं, असं मला नेहमी वाटायचं. आधी खांदा भरून आला, मग मनगट, मग बोटं. बुश, म्हणजे दांडा ज्या कड्यात फिरतो ते, खरंच झिजलेलं होतं. त्याने जुनं बाहेर फेकलं, ते माझ्या पायाशी घरंगळत आलं. सील असो की बुश, त्याचं काम उघडून बघायची मला खाज सुटली होती. उघडलं नाही.

"झालं का रे टिल्ल्या?" मी विचारलं.

"होतंय."

झालं होतं. पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज मी ऐकला होता. त्यानंतरही तो बराच वेळ तिथे नुसता पडून राहिला आणि मला दिवा धरायला लावला. उट्टं काढत होता, मला कळत नाही का? मी हात हलवला नाही.